घरटं सोडा, उंबर गाठा

डोंबिवलीहून एका आईचं पत्र आलं आहे. ते थोडं आटोपशीर करून देतो.

"माझी मुलगी दहावीची परीक्षा देऊन मोकळी झाली आहे. तिच्या मामाने त्याचा जुना कॅमेरा आणि ५५-२५० मिलिमीटरची लेन्स तिला दिली, तेव्हापासून तिला पक्ष्यांचं वेड लागलं आहे. गेल्या महिन्यात सोसायटीच्या बागेत तिला बुलबुलाची पिल्लं दिसली. फांदी जराशी बाजूला करून तिने त्यांचे चोच वासलेले फोटो काढले आणि एका ग्रुपवर टाकले. पुष्कळांनी कौतुक केलं, पण एका गृहस्थांनी सगळ्यांसमोर तिला असं झापलं की पोरगी दोन दिवस धड जेवली नाही. तिने घरट्याला हातही लावला नव्हता. मग चुकलं काय? आता मे महिन्यात आम्ही चिपळूणजवळ माझ्या माहेरी जाणार आहोत. तिथल्या शेजारच्या काकांनी देवराईतलं धनेशाचं घरटं दाखवायचं कबूल केलंय. तिचे बाबा म्हणतात, एवढी हौस आहे तर ताडोबाला जाऊ आणि मोठी लेन्सही घेऊन टाकू. शिवाय तीन दिवसांचं एक फोटोग्राफी शिबिर आहे, त्याचे पैसे भरावेत का, तेही सांगा."

ताई,

आधी लेकीबद्दल बोलतो. त्या गृहस्थांचं म्हणणं बरोबर होतं आणि सांगायची रीत साफ चुकली. शाळकरी मुलीला खासगीत चार ओळी लिहिल्या असत्या तर ती आयुष्यभर लक्षात ठेवून वागली असती. ते काम त्यांनी केलं नाही, म्हणून आता तुम्ही-आम्ही करू.

बुलबुल घरटं करतो ते बहुधा माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर. मेंदीच्या कुंपणात, कण्हेरीत, कधी तर जिन्यातल्या दिव्याच्या पट्टीवर. त्या घरट्याला संरक्षण काय, तर पानांचा आडोसा. फांदी बाजूला केली की ती पुन्हा पहिल्यासारखी बसत नाही. मग दुपारचं ऊन थेट उघड्या अंगाच्या पिल्लांवर येतं. त्यात कावळ्याची नजर माणसांवर असतेच. कुणी झुडपाशी वाकून उभं आहे आणि वर बुलबुलाची जोडी कलकलाट करते आहे, एवढी खूण त्याला पुरते. भारद्वाज आणि मांजर हे आणखी दोन लक्ष ठेवणारे. हात न लावताही घरट्याचा पत्ता फुटतो तो असा.

आणि ती वासलेली चोच. आपल्याला ती गोड दिसते. पण डोळे न उघडलेली पिल्लं फांदी हलली की आई आली असं समजून चोच वासतात. घास काही येत नाही, कारण घास चोचीत धरलेली आई समोरच्या तारेवर बसून माणूस कधी जातो याची वाट बघत असते. पुढच्या वेळी कुठल्याही घरट्याजवळ उभं राहण्याआधी लेकीने त्या तारेकडे बघावं. चोचीत अळी धरून, शेपटी हलवत, पुढे-मागे होणारा पक्षी दिसला की आपण चुकीच्या जागी उभे आहोत हे तिचं तिलाच कळेल.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना उपद्रव देणंही येतं. हे मुलीला घाबरवायला सांगू नका. हा कुणा एका गृहस्थांचा हट्ट नाही, एवढं तिला कळलं की झालं. तिने आता ते घरटं 'ठीक आहे ना' म्हणून बघायलासुद्धा जाऊ नये. ग्रुपवरचा फोटो काढून टाकावा, आणि वाटलं तर तो का काढून टाकला ते दोन ओळींत लिहावं. तेवढं केलं की विषय संपला. घरात कुणी तो पुन्हा काढायचा नाही.

कुणाच्या गॅलरीत, कुंडीत पक्ष्याने आपणहून घरटं केलं असेल तर गोष्ट थोडी वेगळी. त्याने माणसांची वर्दळ बघूनच जागा निवडलेली असते. काच बंद ठेवून, आतून, आपली रोजची ये-जा चालू ठेवून बघायला हरकत नाही. तिथेही झाडाला पाणी घालताना वाकून आत डोकावायचं नाही.

हे सगळं इतकं लांबवून लिहिलं, कारण तुमची सुट्टी नेमकी मे महिन्यात आहे. थंडीतले पाहुणे, म्हणजे बदकं, धोबी वगैरे, एव्हाना उत्तरेकडे निघून गेलेले असतात. मागे राहतात ते आपले बारमाही पक्षी, आणि त्यांच्यातल्या कितीतरी जणांचा हा विणीचा हंगाम. सुट्टी, कॅमेरा आणि घरटी असे तिन्ही एकाच वेळी येतात, म्हणून उन्हाळी फोटोग्राफीचा सगळा विचार घरट्यांपासून लांब राहण्यापासूनच सुरू करावा लागतो.

तुमच्या माहेरच्या सड्यावरचंच, म्हणजे जांभ्याच्या उघड्या माळावरचंच, उदाहरण देतो. मे महिन्यात दुपारी जांभा दगड इतका तापतो की अनवाणी पाऊल ठेववत नाही. त्या उघड्या सड्यावर टिटवी अंडी घालते, साधारण चार, खड्यांच्या रंगाची. तिथे ती अंडी उबवत नसते, तर सावली धरून उभी असते. पंख जरा सैल सोडलेले, पाठ सूर्याकडे, चोच उघडी. जोडीदार आला की ती जवळच्या डबक्यावर जाते, पोटाची पिसं पाण्यात भिजवते आणि तशीच ओल्या पोटाने येऊन अंड्यांवर बसते. आता तिथे कुणी दोघं-तिघं कॅमेरे घेऊन पोचले, तर ती 'टिटीव टिटीव' करत डोक्यावर घिरट्या घालते, आपल्याला वाटतं काय छान उडतानाचे फोटो मिळतात, आणि तेवढा वेळ अंडी उघड्या उन्हात भाजत पडतात. टिटवी ओरडायला लागली की आल्या वाटेने मागे फिरायचं. तेही खाली बघत, कारण अंडी पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत.

आता देवराईतलं धनेशाचं घरटं. काकांनी प्रेमाने बोलावलं आहे, आणि त्यांना ती ढोली माहीत आहे म्हणजे त्यांचा जंगलात वावर आहे. अशा माणसाचा मान ठेवा. पण घरट्याशी जाऊ नका.

का ते सांगतो. धनेशाची मादी जुन्या झाडाच्या ढोलीत शिरते आणि विष्ठा, फळांचा चोथा, माती यांनी तोंड लिंपून घेते. उरते ती एक उभी फट, चोच जेमतेम बाहेर येईल एवढी. मग कित्येक आठवडे ती आत. बऱ्याच जातींत या काळात तिची उडण्याची पिसंही गळतात. तिचं आणि पिल्लांचं खाणंपिणं सगळं एकट्या नरावर. तो गळ्यात फळं भरून आणतो, फटीशी लटकतो आणि एकेक फळ उलटून वर काढत चोचीच्या टोकाने आत देतो. हे दृश्य विलक्षण आहे, यात वादच नाही. पण झाडाखाली माणूस दिसला तर नर येत नाही. लांबच्या झाडावर बसून राहतो, कधी गळ्यातल्या फळांसकट परत जातो. आतल्यांना दुसरीकडून घास मिळायची सोय नाही. आज तुम्ही गेलात, उद्या फोटो बघून पुण्याचे चौघं आले, परवा मुंबईची गाडी आली, की त्या कुटुंबाची उपासमार ठरलेली. म्हणून ज्यांना ढोली माहीत असते ते तिचं ठिकाण सांगत नाहीत. काकांनाही हे नीट समजावून सांगा, त्यांना ते तुमच्याआधी पटेल.

आणि मग त्यांना दुसरा प्रश्न विचारा: "काका, सध्या कुठला उंबर पिकलाय?"

पक्ष्यांच्या फोटोसाठी उन्हाळ्यात कोकणात याच्याइतकी नामी जागा दुसरी नाही. वड, पिंपळ, उंबर ही झाडं सगळी एकदम पिकत नाहीत. वाडीतला एक उंबर ओकाबोका असतो आणि पऱ्ह्याकाठचा दुसरा फळांनी लगडलेला. तो लगडलेला थोडेच दिवस टिकतो, मग पाळी तिसऱ्याची. कुठल्या झाडाची पाळी चालू आहे हे गुगलवर सापडत नाही, ते गुरं चारणाऱ्याला आणि काकांनाच ठाऊक असतं. उंबराची आणखी एक मोठी सोय म्हणजे त्याची फळं शेंड्याला न लागता खोडाला आणि जाड फांद्यांना घोसाने लागतात. पक्षी त्यामुळे खाली, आपल्या नजरेच्या टप्प्यात उतरतात आणि मान वर करून नुसती पोटं बघायची वेळ कमी येते.

लेकीने सूर्य उगवायच्या आधी, म्हणजे पावणेसहाला तिथे जाऊन बसावं. झाडाच्या पूर्वेला, पाठीशी सूर्य घेऊन, एखाद्या बुंध्याच्या नाहीतर गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, आडोशाने. कपडे मातकट, हिरवट. पहिला अर्धा तास कॅमेरा मांडीवर ठेवायचा आणि नुसतं बघायचं. आधी कुटुर्गा आणि तांबट येतील. बुलबुल तर असतीलच. मग हळद्या, कोकिळेची ठिपकेदार मादी, टकाचोर. हरियाल कधी येऊन बसले ते कळतच नाही. आपला राज्यपक्षी पानांच्या रंगात इतका मिसळतो की एक दिसला म्हणून बारकाईने बघावं तर त्याच फांदीवर आणखी चार दिसतात, त्यातला एखादा फळासाठी उलटा लोंबकळत असतो.

आणि धनेश इथेच येणार. राखी धनेश नक्की, कवड्या धनेश बहुधा, आणि महाधनेश आला तर त्याच्या पंखांची घरघर तो दिसायच्या आधी ऐकू येते. तो फळ चोचीच्या अगदी टोकात धरतो, इतक्या नाजूकपणे की एवढ्या अवजड चोचीकडून ते अपेक्षितच नसतं. मग मान मागे टाकतो, फळ हवेत सुटतं आणि थेट घशात जातं. फळ चोचीबाहेर हवेत असतानाचा तो क्षण टिपायचा. ढोलीशी लटकलेल्या घाबऱ्या नरापेक्षा हा फोटो कितीतरी सरस, आणि तो काढताना कुणाचा घास हिरावला जात नाही. लेकीला हा एक फोटो ध्येय म्हणून द्या. पहिल्या दिवशी मिळणार नाही. रोज त्याच झाडाशी बसली तर मिळेल, कारण रोजच्या माणसाला पक्षी हळूहळू सरावतात.

यावरूनच ताडोबाचं उत्तर निघतं. यंदा नको. ताडोबा सुंदर आहे, पण मे महिन्यात तिथे ४५ अंशांच्या आसपासच्या उन्हात सगळ्या जिप्स्या वाघामागे असतात. तुमच्या लेकीला नवरंग दिसला म्हणून गाडी वीस मिनिटं थांबणार नाही, कारण बाकीच्या पाच जणांनी वाघासाठी पैसे भरलेले आहेत. गाडीतून उतरता येत नाही, जागा निवडता येत नाही, उद्या पुन्हा त्याच झाडाशी येता येत नाही. नवशिक्याला लागतात नेमक्या त्याच तीन गोष्टी. त्या आजोळी फुकट आहेत. बाबांना म्हणावं, ताडोबाचे पैसे ठेवा, पुढेमागे थंडीत सगळेच जाऊ.

मोठी लेन्सही नको. छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर २५० ची लेन्स ४०० च्या आसपासचं काम करते, आणि शिकायला ते भरपूर झालं. पैसे घालायचेच तर ८ बाय ४२ ची चांगली दुर्बीण घ्या. आठ पट मोठं दिसतं, ४२ मिलिमीटरच्या भिंगामुळे पहाटेच्या अंधुक उजेडातही चित्र स्पष्ट येतं, आणि हात थरथरले तरी फार हलत नाही. दुर्बिणीने घरटंसुद्धा खूप लांबून, कुणाला न कळता बघता येतं. मोठ्या लेन्सच्या पैशांत अशा कितीतरी दुर्बिणी येतील. शिवाय ती आजोबांनाही वापरता येईल.

दुपारचं काय करायचं हा प्रश्न उरतो. नऊनंतर ऊन चढतं, उजेड कडक होतो, सावल्या काळ्या पडतात आणि तापलेल्या हवेमुळे लांबचं सगळं थरथरायला लागतं. लेन्स कितीही महाग असो, त्या हवेतून चित्र स्वच्छ येत नाही. म्हणून दुपार घरी. आणि घरी करायचं काम म्हणजे पाणी.

परसात, फणसाच्या किंवा आंब्याच्या दाट सावलीत, मातीचं एक पसरट भांडं ठेवा. खोली दोन बोटं, फार तर तीन. कडेला खडबडीत दगड, म्हणजे लहान पक्ष्यांना उतरायला पायरी होते. शेजारी एक वाळकी फांदी रोवा, कारण पक्षी थेट पाण्यावर येत नाही, आधी बसून अंदाज घेतो. त्या फांदीवरचाच फोटो बहुतेक वेळा पाण्यातल्यापेक्षा चांगला येतो. झुडूप दीड-दोन मीटर लांब हवं. त्याहून जवळ असलं तर मांजर दबा धरून बसतं, फार लांब असलं तर पक्षी उघड्यावर यायला धजत नाहीत. पाणी रोज बदलायचं, भांडं घासायचं, नाहीतर डास होतात आणि पक्ष्यांमध्ये आजार पसरतात. विहिरीजवळ जुनी डोण असेल तर तिच्यातही एक दगड टाकून ठेवा. आणि हे सगळं पडवीतून किंवा खिडकीतून सरळ दिसेल असं मांडा, म्हणजे लेकीला उन्हात बसावं लागणार नाही.

पहिले दोन-तीन दिवस बहुधा काहीच येणार नाही. मग सातभाई शोधून काढतात, कारण ते कशातही पहिले असतात. त्यांचा कल्ला ऐकून बुलबुल, मग दयाळ. खरी गर्दी साडेतीन ते पाचच्या दरम्यान. पाणी प्यायला दोन सेकंद, अंघोळीला मात्र सगळे निवांत असतात. नारिंगी डोक्याचा कस्तूर पालापाचोळा उलटत उलटत येतो आणि पाण्यात छातीपर्यंत बसतो. स्वर्गीय नर्तकाची तऱ्हा वेगळी. तो काठावर उतरत नाही. फांदीवरून सूर मारतो, पाण्याला नुसता पोटाने स्पर्श करतो आणि त्याच फांदीवर परत येऊन पिसं झटकतो, पुन्हा सूर मारतो. नराची ती लांब पांढरी शेपूट कॅमेऱ्याच्या चौकटीत मावत नाही, हमखास कापली जाते. म्हणून लेकीला सांगा, त्याच्यासाठी झूम थोडं मागे घ्यायचं आणि शेपटीला जागा ठेवायची. आणि पाण्यावर आलेल्या पक्ष्यांसाठी दाणे, अळ्या वगैरे मांडून ठेवायची गरज नाही. पाणी पुरे.

कॅमेऱ्याबद्दल थोडंच सांगतो, बाकीचं ती स्वतः शिकेल. शटर प्राधान्य मोडवर ठेवून (यात शटर किती वेळ उघडं राहील ते आपण ठरवतो) बसलेल्या पक्ष्याला सेकंदाचा पाचशेवा भाग, उडत्या पक्ष्याला दोन हजारावा, आणि आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता, कॅमेऱ्यावर सोपवून द्यायचा. फोकसचा एकच बिंदू ठेवायचा आणि तो डोळ्यावर. पांढरा बगळा गडद पाण्यापुढे असेल तर एक्स्पोजर, म्हणजे फोटोतला उजेड, एक पायरी खाली, नाहीतर त्याची पिसं चुन्यासारखी सपाट येतात. आकाशापुढचा काळा कोतवाल असेल तर एक पायरी वर. पक्षी चौकटीत लहान आला म्हणून फोटो फेकून देऊ नये. फणसाच्या झाडासकट, गडग्यासकट आलेला पक्षी त्या गावाचा असतो, नुसतं डोकं भरलेला फोटो कुठलाही असू शकतो. माझी आवड विचाराल तर पहिल्या प्रकारचे फोटो मला पुन्हा पुन्हा बघावेसे वाटतात.

फोनवर मर्लिन नावाचं अॅप घ्या. कॉर्नेल विद्यापीठाचं आहे, फुकट आहे, आणि भारताची माहिती एकदा उतरवून घेतली की रेंज नसली तरी चालतं. आवाज ऐकून ते पक्ष्याचं नाव सुचवतं. पण त्यातलेच आवाज मोठ्याने वाजवून पक्ष्याला जवळ बोलवायचं, हे अजिबात नाही. विणीच्या दिवसांत नराला वाटतं आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला. तो पिल्लांचं खाणं सोडून त्या न दिसणाऱ्या शत्रूला शोधत फिरतो. ऐकायला फोन वापरा, वाजवायला नको. रात्री रातवा किंवा घुबड दिसलं तर त्याच्या डोळ्यांवर फ्लॅशही नको.

तुम्ही मेअखेरपर्यंत राहणार असाल तर शेवटच्या आठवड्यात कान उघडे ठेवा. मळभ दाटायला लागलं की पावशा दिवसरात्र 'पेर्ते व्हा' सुरू करतो, आणि पहाटे-संध्याकाळी नवरंगाची दोन सुरांची स्पष्ट शीळ ऐकू येते. तो जमिनीवर पालापाचोळ्यात फिरतो, त्यामुळे वर बघून सापडत नाही. पहिल्या पावसाच्या सुमारास तिबोटी खंड्याही कोकणात दिसायला लागतो. मुठीत मावेल एवढा, आणि रंग असे की कॅमेरावाल्यांची त्याच्यासाठी झुंबड उडते. तो ओढ्याकाठच्या मातीच्या दरडीत बीळ करून पिल्लं वाढवतो, आणि लोक त्या बिळासमोरच ठाण मांडतात. लेकीला तो दिसला तर खूप आनंदाने बघू दे, उडून गेला तर कुठे गेला ते शोधायला जाऊ नये.

तिला एक वही द्या. तारीख, वेळ, झाड, पक्षी, काय करत होता. फोटो नाही मिळाला तरी ही नोंद राहते, आणि पुढे ती ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकता येते, जिथे ती अभ्यासकांच्याही उपयोगी पडते. डॉ. सालिम अली १९३० च्या सुमारास अलिबागजवळ किहीमला राहत होते. घराजवळच सुगरणींची वसाहत होती. पावसाळ्यात तिथे बसून, नुसतं बघून त्यांनी सुगरणीच्या संसाराचा उलगडा केला: घरटं विणतो तो नर, मादी अर्धवट विणलेली घरटी पारखून एक पसंत करते, आणि ती बसली की नर दुसरं विणायला घेतो. लांबच्या सफरीवर न जाता, घराशेजारच्या झाडांवर त्यांना हे दिसलं. तुमच्या लेकीकडे महिनाभर एक उंबर आणि पाण्याचं एक भांडं आहे. पिकलेल्या उंबरावर आधी कोण येतं, कोण कुणाला हुसकतं, हरियालांचा थवा दिवसातून कितीदा येतो, एवढंच तिने लिहिलं तरी वही भरेल.

आता काळजीचं. पहाटे एकटीने जायचं नाही. काका, मामा, आजोबा, कुणीतरी सोबत हवं. रत्नागिरी जिल्हा फुरशांसाठी प्रसिद्ध आहे. पायात बूट, गडग्याच्या फटीत किंवा पालापाचोळ्यात हात नाही, बसण्याआधी काठीने जागा हलवून घ्यायची. वाशिष्ठीच्या खाडीत मगरी आहेत. खंड्या, ब्राह्मणी घार, नशिबाने समुद्री गरुड असं बरंच काही तिथे दिसतं, पण ते पुलावरून नाहीतर माहितगाराच्या होडीतून. फोटोसाठी पाण्याच्या कडेला उतरायचं नाही. देवराईत गावाची जी रीत असेल ती पाळायची, चपला काढायला सांगितल्या तर काढायच्या. आणि लेन्स लोकांच्या परसाकडे, विहिरीवरच्या बायकांकडे वळणार नाही याचं भान ठेवायचं. गावात एकदा विश्वास बसला की लोक स्वतःहून येऊन सांगतात, 'अगो, आज वडावर गरुड बसलाय.'

मे महिन्यातली कोकणची हवा दमट असते. कॅमेरा रात्री झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, नाहीतर पावसाळ्यात मामाच्या लेन्सला बुरशी धरेल.

राहिलं शिबिर. शिबिरं वाईट नसतात. चांगल्या माणसाबरोबर तीन दिवस फिरून मुलं पुष्कळ शिकतात. पैसे भरण्याआधी आयोजकांना फोन करून तीन गोष्टी विचारा. मुलांना घरट्यांचे फोटो काढू देता का? पक्षी जवळ यावा म्हणून आवाज वाजवता का, किंवा खाद्य मांडता का? गटात किती मुलं आणि त्यांच्यामागे किती मार्गदर्शक? पहिल्या दोन प्रश्नांना 'अजिबात नाही' असं चटकन उत्तर आलं, तर बिनधास्त पाठवा. 'तसं लांबूनच, थोडा वेळ' असं काही ऐकू आलं, किंवा 'घरट्याचा फोटो नक्की मिळेल' अशी हमी कुणी दिली, तर ते पैसे दुर्बिणीकडे वळवा. आणि हा फोन तुम्ही करू नका, लेकीलाच करू द्या. बुलबुलाच्या घरट्याबद्दल जे तिला आता कळलं आहे, त्याच्या जोरावर ती हे प्रश्न तुमच्या-माझ्यापेक्षा नेमके विचारेल.